क्लाउट तिरंदाजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिरंदाजी म्हटलं की आपल्याला तो रंगीत गोल आठवतो, मधोमध पिवळा. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनमध्ये कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) प्रकारात जगज्जेते झाले, तेव्हापासून तर पन्नास मीटरवरचा तो गोल आपल्या घराघरांत ओळखीचा झाला. इथे ज्या खेळाबद्दल लिहिलंय त्यात हा गोलच नाही. इंग्लंडमध्ये राहून मी लाकडी धनुष्याने क्लाउट खेळायला लागलो, त्याला बरीच वर्षं झाली. सुट्टीत घरी आलो की नातेवाईक आणि इथे मंडळाच्या गणपतीत भेटणारे लोक तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली.

क्लाउट म्हणजे नेमकं काय?

मोकळ्या गवताळ मैदानात दूरवर एक काठी रोवलेली असते आणि तिला जमिनीलगत एक छोटी झेंडी. ही झेंडी म्हणजे निशाण. बाण तिच्या जितका जवळ जमिनीत रुतेल तितके गुण जास्त. बाण समोरून सरळ मारायचा नसतो. तो आभाळाच्या दिशेने सोडायचा आणि कमान करून वरून खाली उतरवायचा.

इंग्लंडच्या जुन्या मापांत पुरुषांसाठी अंतर १८० यार्ड, म्हणजे जवळपास १६५ मीटर. महिलांसाठी १४० यार्ड, म्हणजे १२८ मीटर. ऑलिंपिकमधलं अंतर ७० मीटर असतं, त्यावरून अंदाज घ्या. काठीपासून १८ इंचांच्या आत बाण पडला तर ५ गुण, ३ फुटांच्या आत ४, ६ फुटांच्या आत ३, ९ फुटांच्या आत २ आणि १२ फुटांच्या आत १. त्यापलीकडे शून्य. एका फेरीत ३६ बाण, म्हणजे जास्तीत जास्त १८० गुण. अंतरही १८० आणि गुणही १८०, हा निव्वळ योगायोग आहे. त्यात गूढ शोधणारे भेटतात, त्यांना शोधू द्यावं.

जागतिक तिरंदाजी महासंघाच्या मेट्रिक नियमांत वर्तुळ जरा ऐसपैस आहे. व्यास १५ मीटर आणि प्रत्येक पट्टा दीड मीटर रुंद. रिकर्व्हसाठी (टोकं पुढे वळलेल्या, ऑलिंपिकमधल्या धनुष्यासाठी) अंतर पुरुषांना १६५ मीटर, महिलांना १२५.

१६५ मीटरवरची झेंडी दिसते तरी का?

दिसते, हवा स्वच्छ असेल तर. पण बाण सोडताना बहुतेक वेळा ती तुमच्याच हाताआड गेलेली असते. एवढ्या लांब बाण पोचवायचा तर धनुष्याचा हात इतका वर उचलावा लागतो की मूठ नेमकी झेंडीवर येते.

यावर प्रत्येकाची तोड वेगळी. काही जण मुठीच्या खालून झेंडी बघतात. काही जण मागच्या रांगेतलं एखादं झाड किंवा टेकडीचा माथा धरून त्यावर बाणाचं टोक ठेवतात. काही जण अँकर बदलतात, म्हणजे दोरी गालापर्यंत ओढण्याऐवजी हनुवटीच्या खाली किंवा त्याहून खाली आणतात. तेवढ्याने बाणाचं टोक आपोआप वर जातं आणि नजर झेंडीवर राहते. रिकर्व्हवाले साईट (नेम धरायची धनुष्यावरची खूण) पार खाली सरकवून हाताखालून बघतात. नवख्यांना मी झाडाची युक्ती सांगत नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मैदानावर गेलं की तिथे ते झाड नसतं.

म्हणजे सगळं अंदाजपंचेच की!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारा बहुधा हसत असतो. म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

साध्या लाँगबोमधून, म्हणजे लांब लाकडी धनुष्यातून, बाण सेकंदाला ४५ मीटर वेगाने सुटला असं धरा. हवेचा अडथळा बाजूला ठेवून शाळेतल्या सूत्राने हिशेब केला, तर १६५ मीटर जायला त्याला सत्तावीस अंशांच्या आसपास कोन लागतो. खऱ्या हवेत आणखी थोडा वर. बाण साधारण वीस मीटर उंच चढतो, म्हणजे सहा मजली इमारतीइतका, आणि सुटल्यापासून चारएक सेकंदांनी जमिनीवर येतो.

आता चुका बघा. तुमचा नेम एक अंश उजवीकडे किंवा डावीकडे सरकला, तर बाण झेंडीपासून तीन मीटरांच्या आत बाजूला पडतो. एक गुण तरी हाती लागतो. पण बाणाचा वेग सेकंदाला ४५ ऐवजी ४४ मीटर झाला, तर तो सात मीटर अलीकडे पडतो. बाहेरचं वर्तुळ काठीपासून पावणेचार मीटरवरच संपतं, त्यामुळे हा बाण सरळ शून्यावर. आणि वेगात एवढी घट यायला किती चूक लागते? दोरी नेहमीपेक्षा अर्धा इंच कमी ओढली गेली की झालं.

म्हणून क्लाउटमध्ये डावं-उजवं सांभाळणं त्यामानाने सोपं आहे. खरी परीक्षा अलीकडे-पलीकडेची. नजर तीक्ष्ण असून भागत नाही. छत्तीस वेळा तीच ओढ, तोच थांबा, तसाच रिलीज (दोरी सोडणं) जमला पाहिजे. रंगीत गोलावर उत्तम नेम असलेले तिरंदाज पहिल्यांदा क्लाउटला येतात तेव्हा त्यांचे बाण एका सरळ रेषेत, पण वीस-वीस मीटर मागेपुढे पसरलेले दिसतात. गोलावर हा दोष फारसा उघडा पडत नाही. तिथे अंतर कमी असल्याने वेगातल्या फरकाने बाण थोडाच खाली-वर होतो.

आणखी एक गंमत. धनुष्य इतकं हलकं असेल की १८० यार्ड जेमतेम गाठता येतात आणि हात ४५ अंशांच्या जवळ न्यावा लागतो, तर कोनातल्या लहानसहान चुका जवळजवळ माफ होतात, कारण त्या टप्प्यावर कोन थोडा बदलला तरी पल्ला फारसा बदलत नाही. वेगातली चूक मात्र तिथेही माफ होत नाही, आणि समोरून वारा आला की हलक्या धनुष्याचा बाण झेंडीपर्यंत पोचतच नाही.

वाऱ्याचं काय करायचं?

झेंडी बघून वारा ओळखता येतो, पण तो जमिनीलगतचा. तुमचा बाण वीस मीटर वरून जातो आणि तिथला वारा वेगळा असतो. झाडांचे शेंडे बघावेत, ढगांची चाल बघावी, आणि आपल्या आधीच्या माणसाचा बाण वर कसा वळला ते बघावं. हे शेवटचं सगळ्यात खरं. मैदानावरचे जुने लोक पहिला बाण सोडायची घाई का करत नाहीत, ते यावरून लक्षात येईल.

झेंडीभोवती वर्तुळं आखलेली नसतात, मग गुण कसे मोजतात?

दोरीने. मला स्वतःला हा भाग फार आवडतो.

काठीच्या बुंध्याला दोरीचं एक टोक अडकवलेलं असतं. दोरीवर १८ इंच, ३ फूट, ६ फूट, ९ फूट आणि १२ फूट अशा खुणा असतात. सगळे तिरंदाज चालत झेंडीपाशी येतात, पण वर्तुळात लगेच कोणी शिरत नाही. एक जण दोरीचं बाहेरचं टोक ताणून धरतो आणि काठीभोवती हळूहळू फेरी मारतो. प्रत्येक पट्ट्यासाठी एकेक माणूस दोरीच्या मागून चालतो आणि आपल्या पट्ट्यातले बाण उपटून हातात धरतो. पाचाचे बाण एकाच्या हातात, चाराचे दुसऱ्याच्या, असं. फेरी पूर्ण झाली की हे जुडगे गवतावर वेगवेगळे ठेवतात. मग ज्याने त्याने आपले बाण ओळखून उचलायचे आणि गुण सांगायचे, मोठ्यापासून लहानाकडे: ‘पाच, तीन, तीन, एक.’ बाकीचे बाण वर्तुळाबाहेर. ते आपले आपण शोधायचे.

बाण तिरका रुतलेला असतो, त्यामुळे पिसं एका पट्ट्यात आणि टोक दुसऱ्यात असं नेहमी होतं. टोक जमिनीत जिथे शिरलं तेच ग्राह्य. बाण झेंडीत किंवा काठीतच अडकला तर पूर्ण ५ गुण. अशा वेळी टाळ्या पडतात आणि बाणाचा मालक आपण तिथेच नेम धरला होता असा चेहरा करतो.

बाणावर नाव किंवा खूण हवीच. पिसांचे रंग आणि दांड्यावरचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, नाहीतर तिथेच भांडणं होतील.

हा खेळ किती जुना आहे?

दूरच्या निशाणावर बाण मारण्याचा सराव इंग्लंडमध्ये मध्ययुगापासून होता, आणि तो निव्वळ हौसेचा नव्हता. १३६३ साली तिसऱ्या एडवर्ड राजाने फर्मान काढलं की सणासुदीच्या दिवशी धडधाकट पुरुषांनी धनुष्यबाणाचा सराव करावा आणि फुटबॉल, कोंबड्यांच्या झुंजी असल्या गोष्टींत वेळ घालवू नये. आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्याने सात ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी घरात धनुष्य आणि दोन बाण ठेवणं बापाची जबाबदारी ठरवली. चोवीस वर्षांवरच्या पुरुषांना तर २२० यार्डांपेक्षा जवळच्या निशाणावर सराव करायलाच बंदी होती. म्हणजे आज आपण पुरुषांचं म्हणून जे अंतर खेळतो, ते त्या कायद्याच्या हिशेबाने अपुरं पडलं असतं.

अंतर विसांत मोजायची पद्धत होती. नऊ विसा म्हणजे १८०, बारा विसा म्हणजे २४०. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या दुसऱ्या भागात दोन म्हातारे न्यायाधीश आपल्या मेलेल्या दोस्ताची आठवण काढतात. तो बारा विसांवरच्या क्लाउटवर बाण मारायचा, अशी त्यांची बढाई आहे.

पुढे बंदुका आल्या. १५९५ साली इंग्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळाने, नागरी सैन्याच्या शस्त्रांतून लाँगबो काढून टाकला. त्यानंतर सराव उरला तो खेळ म्हणून. स्कॉटलंडमध्ये १६७६ साली रॉयल कंपनी ऑफ आर्चर्स स्थापन झाली आणि तिथे क्लाउट टिकून राहिला. इंग्लंडमध्ये वॉरिकशायरमधल्या मेरिडन गावी १७८५ साली वुडमेन ऑफ आर्डन ही संस्था निघाली. ते आजही फक्त लाकडी लाँगबो वापरतात आणि नऊ विसांपासून बारा विसांपर्यंतच्या अंतरांवर खेळतात. अशा जुन्या मंडळांत झेंडीऐवजी जमिनीशी तिरकी ठेवलेली पांढरी चकती असते, मधोमध काळा ठिपका. १९५१ मध्ये निघालेल्या ब्रिटिश लाँगबो सोसायटीनेही ही परंपरा पुढे चालवली.

म्हणजे ॲजिनकोर्टच्या लढाईतले धनुर्धारी हेच करत होते?

नाही, आणि तसा आव आणू नये. इंग्लंड-फ्रान्सच्या १४१५ च्या त्या लढाईतल्या धनुष्यांची जात आजच्या खेळातल्या धनुष्यांपेक्षा फार वेगळी होती. त्यांचा जवळचा पुरावा म्हणजे ‘मेरी रोझ’ हे इंग्लंडचं लढाऊ जहाज. ते १५४५ साली बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं. त्यात शंभरावर अखंड लाँगबो आणि हजारो बाण सापडले. ती धनुष्यं ओढायला अंदाजे १०० ते १८० पाउंड जोर लागत असावा. माझ्यासारखा शनिवार-रविवारचा तिरंदाज ४५-५० पाउंडांचं धनुष्य ओढतो आणि रात्री खांद्याला बाम चोळतो.

लाँगबो कशाचा करतात?

नावाजलेलं लाकूड म्हणजे यू नावाच्या झाडाचं. एकाच फांदीतलं बाहेरचं फिकट लाकूड ताण सोसतं आणि आतलं तांबूस लाकूड दाब सोसतं, त्यामुळे निसर्गानेच दोन थर चिकटवून दिल्यासारखे होतात. फिकट बाजू निशाणाकडे, तांबूस बाजू तिरंदाजाकडे. चांगला यू महाग आणि दुर्मीळ, म्हणून आज बहुतेक जण दोन-तीन जातींच्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेलं धनुष्य वापरतात. टोकांना शिंगाच्या खोबणी, त्यात दोरी. साईट नाही, बाण टेकवायला वेगळी कड नाही. बाण मुठीवरच टेकतो, त्यामुळे पिसांचा कण्याकडचा भाग पहिल्या बोटाला घासून जातो. पहिल्या दिवशी बोट सोलवटलं की हातमोजा लागतो हे कोणी सांगावं लागत नाही.

लाकडी धनुष्याला मूड असतो. दिवसाच्या सुरुवातीला ते जरा जास्त फेकतं, बरेच बाण सोडून झाले की मऊ पडतं, आणि गरम दमट दिवशी आणखी. सकाळी ज्या उंचीवर हात धरून झेंडी गाठली, त्याच उंचीवर दुपारी बाण आठ पावलं अलीकडे पडतात. दिवसभर हात थोडा थोडा वर नेत जावं लागतं.

क्लाउटचे बाण वेगळे असतात का?

हो. शक्य तितके हलके आणि पिसं आखूड, कमी उंचीची, म्हणजे हवेचा अडथळा कमी. पण हलकेपणापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा. एका संचातले बाण वजनाला आणि लवचीकतेला जुळणारे हवेत. एक बाण इतरांपेक्षा जड असेल तर तो दरवेळी अलीकडेच पडणार आणि तुम्ही आपल्या हाताला दोष देत बसणार. वजनकाटा घ्या, तो धनुष्यापेक्षा स्वस्त पडतो. पावसात पिसं भिजली की पल्ला घटतो, आणि इंग्लंडमध्ये खेळायचं तर पिसं भिजणारच.

दुसऱ्या देशांत असं काही आहे का?

आपल्या सगळ्यात जवळचं उदाहरण भूतानचं. तिथे तिरंदाजी राष्ट्रीय खेळ आहे आणि अंतर सुमारे १४५ मीटर. निशाण म्हणजे लाकडाची अरुंद फळी, जेमतेम फूटभर रुंद आणि मीटरभर उंच. मैदानाच्या दोन्ही टोकांना फळ्या असतात आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाकडे, मग उलट, असा खेळ चालतो. प्रतिस्पर्धी संघाचे लोक फळीच्या अगदी शेजारी उभे राहून नेम धरणाऱ्याची यथेच्छ टिंगल करतात आणि फळीला बाण लागला की त्याचा संघ गाणी म्हणत नाचतो. हल्ली बांबूच्या धनुष्याबरोबर कंपाउंडही सर्रास दिसतो. क्लाउटच्या शिस्तशीर दोरीपुढे हे मला जास्त जिवंत वाटतं, हे कबूल करतो. निशाणाशेजारी उभं राहण्याची हिंमत मात्र माझ्यात नाही.

तुर्कस्तानात इस्तंबूलच्या ओकमेदानी या मैदानावर नुसत्या लांब पल्ल्याची स्पर्धा चालत असे आणि विक्रमाच्या जागी दगडी खांब उभारत. तिथे ठरलेलं निशाण नसून किती लांब गेला एवढंच बघायचं. तो वेगळा खेळ झाला.

भारतात, महाराष्ट्रात खेळता येईल का?

आपल्या राष्ट्रीय स्पर्धा रिकर्व्ह, कंपाउंड आणि इंडियन राउंड या प्रकारांत होतात. इंडियन राउंड बांबूच्या साध्या धनुष्याने, ३० आणि ५० मीटरवर. बांबूचं धनुष्य ज्याच्या हातात बसलंय त्याला लाँगबो परका वाटणार नाही. दोन्हींत साईट नसते, दोन्हींत सगळा भार अंगवळणी पडलेल्या ओढीवर.

अडचण जागेची आहे. १६५ मीटर झेंडीपर्यंत, त्यापुढे चुकलेल्या बाणांसाठी बरीच मोकळी जमीन, आणि दोन्ही बाजूंनाही सोड. शिवाय जमीन मऊ हवी. देशावरच्या मुरमाड माळावर उन्हाळ्यात बाण रुतत नाही. तो उडतो, घसरतो, नाहीतर टोकाशी मोडतो. पावसाळ्यानंतर जमीन मऊ असते, पण तेव्हा गुडघाभर गवत आणि त्यात गुरं. गायरानात तर हा प्रयोग करूच नका. एखाद्या क्लबकडे लांबलचक, कुंपणाचं मैदान असेल तर प्रशिक्षकांच्या देखरेखीत, कमी अंतरावर, शंभर मीटरपासून सुरुवात करता येईल.

धोका किती?

बाण आभाळातून उतरतो आणि तो येताना जवळजवळ दिसत नाही, आवाजही फारसा नाही. त्यामुळे सगळा भर मैदान रिकामं ठेवण्यावर. पलीकडून पायवाट जात असेल तर तिथे पहारा ठेवतात. कुत्रा घेऊन फिरणारं कोणी दिसलं की शिट्टी वाजते आणि सगळे थांबतात, मग दोरी पूर्ण ओढलेली असली तरी सावकाश उतरवायची. याला अपवाद नाही. अमुक माणूस मोठा तिरंदाज आहे म्हणून त्याचा एक बाण जाऊ द्यावा, असं कुठल्याही मैदानावर चालत नाही.

मुलांना आणता येईल?

हो. त्यांची अंतरं वयाप्रमाणे कमी असतात. मुलांना हा खेळ पटकन आवडतो, कारण बाण उंच जातो. रांगेत उभं राहायला मात्र कंटाळतात.

खूप ताकद लागते का?

१८० यार्ड गाठायला साधारण ४०-४५ पाउंडांचा लाँगबो लागतो, पण त्यापर्यंत हळूहळू जायचं असतं. हलक्या धनुष्यावर नीट ओढ बसवा, मग वजन वाढवा. जड धनुष्य घाईने घेतलं तर दोरी पूर्ण ओढली जात नाही, दरवेळी वेगळीच ओढली जाते, आणि मग वर सांगितलेला सात मीटरांचा हिशेब सुरू होतो. चालण्याची मात्र तयारी ठेवा. सहा-सहा बाणांच्या सहा खेपा धरल्या तरी जाऊन येऊन दोन किलोमीटर होतात, आणि हरवलेले बाण शोधायला जे भटकावं लागतं ते वेगळंच.

किती गुण म्हणजे चांगले?

साध्या लाँगबोने ३६ पैकी निम्मे बाण वर्तुळात पडले तर, माझ्या मते, दिवस उत्तम गेला. सुरुवातीला तीन-चार पडले तरी नाराज होऊ नका. आपले बाण नेमके कुठे पडले ते वहीत लिहून ठेवा, गुणांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

बाण हरवतात का?

हरवतात. उतरता बाण कधी कधी गवताच्या मुळांखालून आडवा शिरतो आणि पिसांसकट दिसेनासा होतो. झेंडीकडून बाण सोडायच्या रेषेकडे नव्हे, तर रेषेकडून झेंडीकडे, बाण ज्या दिशेने गेला त्याच दिशेने पाय घासत चाला, म्हणजे नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची खाच) बुटाला लागतो आणि दांडा मोडत नाही. बहुतेक क्लबांकडे मेटल डिटेक्टर असतो, तो बाणाचं लोखंडी टोक शोधतो. तोवर बाकीचे थांबतात, पण दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही. त्यानंतर जागा लक्षात ठेवायची आणि संध्याकाळी खेळ संपल्यावर परत यायचं. गवत कापण्याचं यंत्र फिरायच्या आत बाण सापडला पाहिजे, नाहीतर मैदानाचा माळी पुढच्या वेळी फाटकच उघडणार नाही.